फोन गेला, ठोका राहिला

१५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमाने भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू केलं, तेव्हा त्याची पहिली अट होती ती घरात फोन असण्याची. आणि फोन मिळणं हेच त्या काळी एक दिव्य होतं. आधी नाव नोंदवायचं, मग काही वर्षं वाट पाहायची, आणि लाइनमन खांबावर चढला की पेढे आणायचे. आज नवीन घरात राहायला गेलेलं जोडपं गॅसच्या आधी वायफायची चौकशी करतं, आणि घरात लँडलाइन नाही हे त्यांच्या ध्यानातही येत नाही. मग तेव्हा ती अट का होती? इंटरनेटला टेलिफोनकडून नेमकं हवं तरी काय होतं?

नंबर नको होता, डायल टोन नको होता, रिसीव्हर तर नकोच होता. हवी होती फक्त वाट. घरापासून एक्स्चेंजपर्यंत जाणाऱ्या तांब्याच्या दोन बारीक तारा, एकमेकींना पीळ घातलेल्या. हा पीळ शोभेचा नाही. शेजारून विजेची तार गेली, तर तिचा गोंगाट दोन्ही तारांमध्ये सारखाच शिरतो, आणि दोन्ही तारांमधला फरक काढला की तो आपोआप वजा होतो. अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल याने १८८१ मध्येच या पिळाचं पेटंट घेतलं होतं. पुढच्याच वर्षी मुंबईत टेलिफोन एक्स्चेंज सुरू झालं, आणि त्यानंतर शंभर वर्षं शहरांच्या पोटात अशा जोड्या पुरल्या गेल्या. प्रत्येक ग्राहकाला त्याची स्वतःची, थेट एक्स्चेंजपर्यंत जाणारी जोडी. निरोप नेऊ शकेल अशी, दारोदार पोचलेली दुसरी वाटच नव्हती. इंटरनेटने ती धरली.

वाट मिळाली, पण ती आवाजापुरती. माणसाचं बोलणं समजायला साधारण ३०० ते ३४०० हर्ट्झ एवढा पट्टा पुरतो, हे टेलिफोनवाल्यांनी फार पूर्वी ठरवून टाकलं होतं. त्यापलीकडचं सारं एक्स्चेंजमध्ये गाळलं जाई. पुढे एक्स्चेंज डिजिटल झाली, तेव्हा आलेला आवाज सेकंदाला ८,००० वेळा मोजायचा आणि प्रत्येक माप आठ बिटांत लिहायचं, असा जगभरचा नियम झाला. आठ हजार गुणिले आठ म्हणजे सेकंदाला ६४ हजार बिट. एका माणसाचं बोलणं, मग तो कुजबुजो की भांडो, तेवढ्यात बसतं. दोन मापांमधलं अंतर १२५ मायक्रोसेकंद, म्हणजे सेकंदाचा आठ हजारावा भाग. हा १२५ चा ठोका लक्षात असू द्या. पुढे तो भलत्याच ठिकाणी भेटणार आहे.

मॉडेम नावाची डबी करायची काय, तर कॉम्प्युटरचे आकडे आवाजात बदलायची आणि त्या आवाजाला माणसाचं बोलणं म्हणून एक्स्चेंजमधून पार करायची. जोडणी होतानाची ती किंचाळी म्हणजे दोन मॉडेमांनी लाइन किती चांगली आहे हे एकमेकांना विचारणं. टेलिफोनने नेमून दिलेल्या ६४ हजारांच्या वर जाणं शक्यच नव्हतं. प्रत्यक्षात ५६ हजारांवर गाडी थांबली. आज मोबाइलवर काढलेला ५ एमबीचा एक फोटो त्या वेगाने उतरवायचा, तर पूर्ण वेग मिळूनही १२ मिनिटं लागली असती. तेवढा वेळ फोन एंगेज. मावशीची तक्रार ठरलेली, "तासभर लावतेय, कुणाशी एवढ्या गप्पा चालल्या होत्या?"

गंमत पुढे आहे. ३४०० हर्ट्झची मर्यादा एक्स्चेंजमधल्या यंत्रांची होती; तांब्याला तिचा पत्ताही नव्हता. तीच तार दहा लाख हर्ट्झच्या पलीकडेही संदेश नेऊ शकत होती. हे ओळखून आलं ते एडीएसएल. बीएसएनएलने जानेवारी २००५ मध्ये डेटावन या नावाने जो ब्रॉडबँड घरोघर नेला, तो हाच. खालचा पट्टा बोलण्यासाठी सोडला, आणि त्याच्या वरचा, ११ लाख हर्ट्झपर्यंतचा पट्टा बारीक बारीक फाळ्यांत वाटला. अशा फाळ्या २५६, प्रत्येकीची रुंदी चार हजार हर्ट्झहून थोडी जास्त, म्हणजे जवळजवळ एका फोनकॉलएवढी. थोडक्यात, ज्या तारेवर पिढ्यान् पिढ्या एका वेळी एकच संभाषण चाललं, तिच्यात आणखी अडीचशे संभाषणांची जागा रिकामी पडून होती.

शिवाय या फाळ्या रेडिओच्या मीडियम वेव्हच्या हद्दीत घुसतात. फोनची लांबलचक तार नकळत एरियलचं काम करते, आणि आकाशवाणीचं केंद्र तिच्यात डोकावतं. मॉडेम चालू होताना प्रत्येक फाळीत गोंगाट किती हे तपासतं. शांत फाळीवर जास्त बिट लादतं, गोंगाटाच्या फाळीवर कमी, आणि जिथे रेडिओ जोरात वाजतोय ती सरळ सोडून देतं. भटाला दिली ओसरी, भट हातपाय पसरी म्हणतात ना, तसं झालं. ओसरीवर टेकलेल्या इंटरनेटने तारेतल्या बहुतेक खोल्या ताब्यात घेतल्या, आणि घराचा धनी टेलिफोन दाराजवळच्या कोपऱ्यात उरला.

तरीही धनी तोच होता. तारेचं भाडं त्याच्या नावाने, बिल त्याच्या नावाने. आणि तांब्याची एक खोड जाता जात नव्हती. जेवढा कंप वेगाचा, तेवढा तो वाटेत लवकर विरतो. एक्स्चेंजच्या शेजारी राहणाऱ्याला उत्तम वेग मिळायचा. चार-पाच किलोमीटरवरच्या वस्तीला मॉडेमचा दिवा नुसता लुकलुकताना पाहावा लागायचा.

दरम्यान घरात दुसरी एक तार शिरली होती. नव्वदच्या दशकात गल्लोगल्ली डिश बसल्या, आणि केबलवाला नावाचा नवा माणूस महिन्याचे पैसे मागायला दारात येऊ लागला. खांबावरून, झाडावरून, गच्चीच्या कठड्यावरून त्याने आपलं जाळं पसरलं होतं, आणि त्यासाठी टेलिफोन खात्याला काही विचारावं लागलं नव्हतं. मुंबई-पुण्यात अनेकांच्या घरी लँडलाइनशिवायचं पहिलं इंटरनेट त्याच्याच हातून आलं. ऑफिसात कॉम्प्युटर जोडायला वापरतात ती निळी-करडी लॅन केबल तो एका गच्चीवरून दुसऱ्या गच्चीवर टाकायचा. अशी केबल शंभर मीटरपर्यंतच चालते, म्हणून दर दोन-चार इमारतींमागे जिन्यात पत्र्याची एक पेटी, आत स्विच, आणि त्याला जिन्याच्या दिव्यातून घेतलेली वीज. एका इमारतीचे दिवे गेले की पुढच्या चार इमारतींचं इंटरनेट बंद. जूनमध्ये पहिली वीज कडाडली की निम्मे स्विच जळालेले. काम जुगाडाचं होतं, पण त्यातून एक गोष्ट सिद्ध झाली. इंटरनेटला वाट लागते. ती टेलिफोनची असली पाहिजे असं नाही.

खरी वाट मात्र तांब्याची नव्हतीच. ती निघाली काचेची.

काचेच्या तंतूत शिरलेला प्रकाश तंतू वळला तरी त्याच्याबरोबर वळत जातो. गाभ्याची काच आणि तिच्यावरच्या आवरणाची काच यांत किंचित फरक ठेवला, तर तिरप्या कोनात कडेला आलेला प्रकाश बाहेर न पडता पुन्हा आत फिरतो. पंजाबातल्या मोग्यात जन्मलेले नरिंदरसिंग कपानी यांनी लंडनच्या इंपीरियल कॉलेजात हॅरॉल्ड हॉपकिन्स यांच्यासोबत काम करून अशा तंतूंच्या जुडीतून चित्र पाठवून दाखवलं. त्यांचा निबंध १९५४ मध्ये 'नेचर'मध्ये आला. पण ते थोड्या अंतराचं काम होतं. त्या काळच्या काचेत प्रकाश काही मीटरांतच मावळायचा. दोष काचेचा की काचेतल्या मळाचा, हा प्रश्न होता. चार्ल्स काओ आणि जॉर्ज हॉकहॅम यांनी १९६६ मध्ये गणित मांडून सांगितलं, दोष मळाचा आहे. लोहासारख्या धातूंचे अंश काढून टाका. एक किलोमीटर गेल्यावर शेकडा एक प्रकाश जरी उरला, तरी टेलिफोनची कामं काचेतून होतील. अमेरिकेतल्या कॉर्निंग कंपनीने १९७० मध्ये तशी काच करून दाखवली. काओंना २००९ चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. कपानींना २०२१ मध्ये मरणोत्तर पद्मविभूषण.

आजची काच कुठे पोचली आहे? काओंनी किलोमीटरभरानंतर शेकडा एक मागितला होता. आजच्या उत्तम तंतूत शेकडा एक उरतो तो शंभर किलोमीटरनंतर. पंधरा किलोमीटर गेल्यावर निम्मा प्रकाश शाबूत असतो. खिडकीची काच एवढी जाड केली तर पलीकडे काळोखच दिसेल.

ही काच आपल्याकडेही होते. छत्रपती संभाजीनगरजवळच्या वाळूज आणि शेंद्रा या औद्योगिक वसाहतींत स्टरलाइट टेक्नॉलॉजीजचे कारखाने आहेत. तिथे सिलिकॉनच्या वायुरूप संयुगापासून आधी काचेचा जाड दांडा तयार होतो. तो उंच मनोऱ्याच्या माथ्यावर भट्टीत धरला, की सुमारे २,००० अंशांवर त्याचं टोक मऊ होतं आणि खाली धागा ओढला जातो. एका दांड्यातून शेकडो किलोमीटर. धाग्याची जाडी १२५ मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचा आठवा भाग. आणि ज्यातून प्रकाश जातो तो गाभा फक्त नऊ मायक्रॉनच्या आसपास. डोक्यावरचा केस त्याच्या सात-आठ पट जाड भरतो.

असा धागा घरात येतो तेव्हा नेमकं काय होतं, ते जिन्यात थांबून बघण्यासारखं आहे. केबल ऑफिसातला मुलगा पायरीवर बसतो, काळ्या चपट्या ड्रॉप वायरचं साल सोलतो आणि आतला धागा बाहेर काढतो. रंगीत लेप खरवडून, स्पिरिटच्या बोळ्याने पुसून तो एका छोट्या कातरयंत्रात ठेवतो. टक्. टोक इतकं सपाट तुटतं की मशीनच्या पडद्यावर मोठं करून पाहिलं तरी खाच दिसत नाही. मग दोन धाग्यांची टोकं स्प्लायसिंग मशीनमध्ये समोरासमोर. मशीन त्यांना स्वतःच इकडेतिकडे सरकवून एका रेषेत आणतं, मधे विजेची ठिणगी पडते, आणि दोन काचा वितळून एक होतात. सांध्यातला तोटा इतका कमी, की पडद्यावर बहुधा ०.०१ किंवा ०.०२ डेसिबल असा आकडा येतो. जोड कुठे आहे हे प्रकाशाला कळतही नाही. कापलेले बारीक तुकडे मुलगा आठवणीने डबीत टाकतो, कारण पायात घुसले तर दिसत नाहीत. आणि वायर कुठे तुटली ते शोधायचं असेल, तर पेनाएवढ्या दिव्यातून तांबडा प्रकाश आत सोडतो. तुटल्या जागी भिंतीवरची वायर लाल चमकून उठते. कामाचा प्रकाश मात्र डोळ्यांना दिसणारा नसतो. म्हणूनच चालू धाग्याच्या टोकात कधी डोकावू नये.

आता यातली सगळ्यात नवलाची गोष्ट. टेलिफोनने प्रत्येक घराला स्वतंत्र जोडी दिली होती. काच तसं करत नाही. ऑफिसातून निघालेला एकच धागा तुमच्या गल्लीतल्या खांबावरच्या डबीत येतो, आणि तिथे त्यातला प्रकाश साधारण ३२ घरांत वाटला जातो. त्या डबीला वीज नाही, बॅटरी नाही. काचेच्या वाटेला फाटे फोडले, की प्रकाश आपला आपण समसमान वाटला जातो. ऑफिसकडून घरी येणारा प्रकाश १,४९० नॅनोमीटरचा, घरातून ऑफिसकडे जाणारा १,३१० चा. दोघे एकाच काचेत उलट्या दिशांनी धावतात आणि एकमेकांना धक्काही लागत नाही.

येताना काम सोपं आहे. बत्तीसही घरांचं सगळं सगळ्यांकडे येतं. शेजारच्या काकांची बातमी, समोरच्या मुलीची मुलाखत आणि तुमची मालिका, सारं त्याच प्रकाशात मिसळलेलं तुमच्या दिवाणखान्यापर्यंत पोचतं. ते कुलूपबंद असतं, आणि भिंतीवरची डबी, म्हणजे ओएनटी, आपलं तेवढं उघडून बाकीचं सोडून देते.

जाताना मात्र बत्तीस जणांना एकाच धाग्यात शिरायचं असतं, आणि दोघे एकदम बोलले तर दोघांचंही काही कळणार नाही. म्हणून ऑफिसातलं यंत्र प्रत्येक डबीला वेळ नेमून देतं. पण कुणाचं घर एक किलोमीटरवर, कुणाचं सहा. काचेत प्रकाशाला एक किलोमीटर जायला पाच मायक्रोसेकंद लागतात. तेव्हा यंत्र आधी प्रत्येक घरापर्यंतचं अंतर प्रकाशानेच मोजतं, आणि जवळच्याला सांगतं, तू थोडा थांबून बोल. किती नेमकं? घरातून वर जाताना सेकंदाला सुमारे १२४ कोटी बिट जाऊ शकतात. त्या हिशोबाने काचेत धावणाऱ्या एका बिटाची लांबी होते सुमारे १६ सेंटिमीटर, वीतभराहून थोडी कमी. मुलाने ड्रॉप वायरची दोन मीटरची गुंडाळी जिन्यात जास्तीची ठेवली, तर तुमचे डझनभर बिट उशिरा पोचणार. यंत्र तेही मोजून घेतं आणि बत्तीस घरांचे बिट एकामागे एक असे ओवतं की टक्कर होत नाही.

हे सगळं चालतं कोणत्या तालावर? या पद्धतीत, जीपॉनमध्ये, वेळाचे तुकडे पाडलेले असतात, आणि प्रत्येक तुकडा १२५ मायक्रोसेकंदांचा असतो. सेकंदाला ८,०००. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये माणसाचा आवाज ज्या ठेक्यावर मोजला जाई, तोच हा ठेका. टेलिफोनच्या जगात एका कंपनीची यंत्रं दुसरीच्या यंत्रांशी जोडताना या ठोक्यावर सगळ्यांचं एकमत झालं होतं. पुढची प्रत्येक पिढी त्याच घड्याळाला आपलं घड्याळ लावत आली. घरात लँडलाइन नाही असं आपण म्हणतो, आणि तिची नाडी भिंतीवरच्या डबीत सेकंदाला आठ हजार वेळा चालू असते.

काच सगळीकडे पोचत नाही. मधे रेल्वेचे रूळ येतात, सोसायटी खणायला परवानगी देत नाही, कोकणातलं घर वाडीच्या टोकाला डोंगरावर असतं. अशा वेळी शेवटचा टप्पा हवेतून. ऑगस्ट २०२३ मध्ये एअरटेलने दिल्ली-मुंबईत, आणि त्याच वर्षी १९ सप्टेंबरला, गणेश चतुर्थीच्या दिवशी, जिओने मुंबई-पुण्यासह आठ शहरांत फाइव्ह-जीवरची 'एअरफायबर' जोडणी सुरू केली. गच्चीवर टॉवरच्या रोखाने एक पेटी, तिच्यात सिम, तिथून एक वायर खाली घरातल्या राउटरला. टॉवरवरच्या पट्टीत एकच मोठा एरियल नसून डझनावारी छोटे एरियल असतात. प्रत्येक जण तीच लहर किंचित मागेपुढे सोडतो, आणि ते मागेपुढे इतकं हिशोबी असतं की तुमच्या गच्चीच्या दिशेला सगळ्यांचे शेंडे शेंड्यांवर पडून लहर बळावते, इतर दिशांना आपसांत जिरते. टॉवर न हलता किरण वळवतो. या लहरींची लांबी आठ-नऊ सेंटिमीटर. त्याहून आखूड, सेंटिमीटरभराच्या लहरींना तर आंब्याची पानंही अडवतात. म्हणून पेटी गच्चीवर, आणि म्हणून बसवणारा मुलगा आधी झाडं बघतो. तोटा एवढाच, की टॉवर आसपासच्या सगळ्या मोबाइलवाल्यांचाही असतो; संध्याकाळी गर्दी झाली की वेग उतरतो.

जिथे टॉवरही नाही, तिथे आकाश. विषुववृत्तावर ३५,७८६ किलोमीटर उंचीवर एका जागी उभ्या दिसणाऱ्या उपग्रहाकडून उत्तर यायला जवळजवळ अर्धा सेकंद लागतो. व्हिडिओ कॉलवर दोघेही एकदम बोलतात आणि दोघेही एकदम थांबतात. स्टारलिंकसारख्या नव्या सेवांचे उपग्रह ५५० किलोमीटरच्या आसपास फिरतात, त्यामुळे हा विलंब जाणवेनासा होतो. पण ते जागेवर थांबत नाहीत. दर काही मिनिटांनी एक मावळतो, दुसरा उगवतो, आणि तुमचं बोलणं न तुटता एकाकडून दुसऱ्याकडे जातं.

तांब्याची तार गेल्याने एक गोष्ट खरोखर गमावली. ती स्वतःबरोबर वीज आणायची. एक्स्चेंजमधून येणाऱ्या ४८ व्होल्टवर फोन चालायचा, त्यामुळे वादळात गावभर अंधार झाला तरी डॉक्टरांना फोन लागायचा. काचेतून वीज येत नाही. दिवे गेले की ओएनटी बंद, म्हणून आता राउटरला लावायचा छोटा यूपीएस घ्यावा लागतो. उलट बाजूने, काचेतून आकाशातली वीजही घरात शिरत नाही.

आणि टेलिफोन? तो कुठे गेलेला नाही. ओएनटीच्या मागे एक छोटी खोबण असते. तिच्यात जुना फोन लावला की चक्क डायल टोन येतो. आता आवाज घरातल्या डबीतच मोजून आकड्यांत बदलला जातो आणि इंटरनेटच्या गर्दीतून वाट काढत जातो. १०० मेगाबिटच्या जोडणीत एका कॉलला लागते ती साधारण दीड हजारावा हिस्सा जागा. जुना धनी आता भाडेकरू झाला आहे, आणि भाडंही बहुतेक वेळा माफ असतं.

तेव्हा नवी जोडणी घेताना आधी काच येते का ते विचारा, मग एअरफायबर, मग बाकीचं. आणि मुलगा काम उरकून निघाला की त्याला प्रकाश मोजायच्या मीटरवरचा आकडा विचारा. तो "मायनस वीस" म्हणाला, तर त्याचा अर्थ तुमच्या घरी पोचलेला प्रकाश एका वॅटच्या एक लाखाव्या भागाएवढा आहे, आणि घरातले सगळे पडदे तेवढ्यावर मजेत चालतील. मायनस सत्तावीसच्या पलीकडे सांगितला, तर त्याला चहा द्या आणि जोड पुन्हा करायला लावा.